आधी टॉवेल, मग वस्तरा

३ नोव्हेंबर, सोमवार

सासरेबुवा काल पडले. आमच्याच घरी. जेवायला आले होते. पहिल्याच घासाला त्यांना बाथरूममधल्या गीझरचा आवाज खटकला. हात धुऊन स्टुलावर चढले, बोटाच्या पेराने गीझरला टकटक केलं, कान लावला आणि उतरताना स्टूल सोडून हवेत पाय ठेवला. उजवं मनगट गेलं. प्लास्टर. डॉक्टर म्हणाला, महिनाभर तरी राहील. गीझर नापास, असा निकाल बाबांनी प्लास्टर ओलं असतानाच देऊन टाकला.

नोकरीत ते बॉयलर इन्स्पेक्टर होते. कारखान्यांचे बॉयलर तपासायचे आणि पास की नापास ते ठरवायचे. रिटायर झाल्यापासून बॉयलर मिळत नाहीत, त्यामुळे समोर येईल ते तपासतात. जिना, कुकर, डॉक्टर, मी. मी लग्नाआधीच्या पहिल्याच भेटीत नापास झालो. तेव्हापासून फेरतपासणी चालू आहे. आता लेक कॉलेजात जायला लागली तरी निकाल नाही.

सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहतात. प्लास्टर निघेपर्यंत आता आमच्याकडे. माझी काही हरकत नाही. घरात वडीलधारं माणूस असलं की शिस्त येते. ही रोजनिशी आजपासून सुरू केली, ती त्याच शिस्तीतून. रोज लिहायची. खंड पडू द्यायचा नाही.

६ नोव्हेंबर

दोन दिवस लिहायला झालं नाही. कारण विचार चालू होता.

प्रश्न दाढीचा आहे. बाबा रोज दाढी करतात, ताप असो की पाहुणे असोत. त्यांचं ठाम मत आहे की ज्याला स्वतःचा चेहरा सांभाळता येत नाही तो व्हॉल्व्ह काय सांभाळणार. गालावर खुंट घेऊन येणाऱ्या इंजिनिअरचा बॉयलर त्यांनी म्हणे कधी एका फेरीत पास केला नाही. आणि ३० तारखेला, रविवारी, त्यांच्या खात्यातल्या जुन्या इन्स्पेक्टरांचा मेळावा आहे. ग्रुप फोटो निघणार. तो ऑफिसच्या भिंतीवर कायमचा लागणार. तिथे दाढी वाढवून जाण्यापेक्षा न गेलेलं बरं, असं बाबा काल दोनदा म्हणाले आणि मग बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले. इतके उतरलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

मी माझा ट्रिमर देऊ केला. त्याला ते गवत कापायचं यंत्र म्हणतात. सलून नको, कारण दहा जणांच्या गळ्यावरून फिरलेला हात आपल्या गळ्याला नको. बायको म्हणाली, मी करते, त्यात काय आहे. तिला मी तिथेच थांबवलं. त्यात काय आहे हे तिला माहीतच नाही. परवापर्यंत मलाही माहीत नव्हतं, पण काल चहा पिताना मी एक व्हिडिओ पाहिला. पारंपरिक ओली दाढी. ब्रश, साबण, तेल, गरम टॉवेल आणि उघडा वस्तरा. शास्त्र आहे ते.

मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की बाबांची दाढी मी करणार, तीही अशी की मेळाव्यात लोकांनी गालात बघून भांग पाडून घ्यावा. बाबांनी माझ्याकडे गीझरकडे बघतात तसं बघितलं. काही बोलले नाहीत. म्हणजे नापास तरी नाही.

मला आत्ताच दिसतंय. फोटो निघतोय, बाबा हनुवटीवरून हात फिरवतायत आणि चारचौघांत म्हणतायत, हे आमच्या जावयांचं काम. पास.

७ नोव्हेंबर

सामान आलं. वस्तरा, ब्रश, फेसाची वाटी, चंदनाचा साबण, तेलाची बाटली, तुरटीचा खडा, आणि वस्तऱ्याला धार द्यायचा चामड्याचा पट्टा. पट्टा कुठे अडकवायचा ते व्हिडिओत नाही. सध्या फ्रिजच्या दाराला.

वस्तरा उघडून पाहिला. मिटून ठेवला. धार उत्तम आहे. नुसतं बघूनच कळतं.

व्हिडिओतल्या माणसाचं मुख्य सूत्र लिहून ठेवतो. दाढी म्हणजे नव्वद टक्के तयारी, वस्तरा उरलेला दहा टक्के. केस आधी मऊ पडला पाहिजे. घाई करणारा रक्त काढतो. हे सूत्र मला एकदम पटलं. लेकीने निदर्शनास आणलं की शिकवणाऱ्याला स्वतःला छातीपर्यंत दाढी आहे. मी म्हटलं, पोहायला शिकवणारा काठावरच उभा असतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

पहिला दिवस. ऐतिहासिक.

बाबांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं. गळ्याभोवती चादर. निळा टॉवेल गरम पाण्यात बुडवून, पिळून त्यांच्या तोंडावर ठेवला. बाबा एकदम उठून उभे राहिले. पाणी जरा जास्त झालं होतं. बोट घालून बघायला हवं होतं, पण बोट भाजलं असतं. दुसऱ्यांदा बेताचं घेतलं. मग तेल. गालावर गोल गोल, हनुवटीखाली वरून खाली. बाबांनी डोळे मिटले. मग ब्रशने फेस. फेस तर असा आला की कानात गेला.

वस्तरा उघडला. तेवढ्यात बाबांनी एक डोळा उघडला. आणि माझ्या लक्षात आलं की डाव्या गालावरचा फेस सुकत चाललाय. सुकल्या फेसावर वस्तरा लावायचा नाही, असा स्पष्ट नियम आहे. म्हणून सगळं धुऊन टाकलं. अर्धवट काम करण्यापेक्षा न केलेलं बरं. बाबांनी स्वतःच तोंड पुसलं आणि उद्या याच वेळेला का, असं विचारलं.

विश्वास बसतोय त्यांचा. उद्या वस्तरा. नक्की.

९ नोव्हेंबर

टॉवेल गॅलरीत पोचेपर्यंत गार. गार टॉवेलाने केस मऊ होत नाही. रद्द.

१० नोव्हेंबर

मुद्दाम पपई आणली. सरावासाठी. पपईला फेस लावून वस्तऱ्याने अलगद काढायचा, सालीला धक्का न लावता. व्हिडिओत फुगा होता, पण फुग्याला गाल नसतात. सुरुवात झकास झाली. मग देठाजवळ, म्हणजे कल्ल्यापाशी, वस्तरा थोडा आत गेला. थोडा म्हणजे बियांपर्यंत.

रात्री जेवणानंतर पपई. चंदनाचा वास येतोय, असं लेक म्हणाली. मी म्हटलं, जात वेगळी आहे. बाबांनी एक फोड उजेडात धरून पाहिली, कापाची कड बघितली आणि ताटात परत ठेवली. मग स्वतःच्या गळ्यावरून डावा हात फिरवला. खुंट टोचत असणार.

१२ नोव्हेंबर

ऑफिसात दिवस वाया गेला. मी ट्रेनिंग डिपार्टमेंटला आहे. नव्या लोकांना मशीन कसं चालवायचं हे शिकवायचं प्रेझेंटेशन दोन महिने तयार करतोय. साहेबांनी विचारलं, झालं का. मी म्हटलं, तयारीवर भर देतोय. त्यांनी विचारलं की नवे लोक मशीनला हात कधी लावणार. सगळ्यांना घाई झालीये. मशीन म्हणजे दहा टक्के, हे यांना कोण सांगणार.

संध्याकाळी एक निर्णय घेतला. आधी स्वतःवर प्रयोग. त्यासाठी माझी दाढी वाढवायला घेतली. ट्रिमर कपाटावर ठेवला, हात पोचणार नाही असा. बायकोने विचारलं की एकाची दाढी काढायची म्हणून दोघांची कशी काय वाढतेय. प्रयोगाची पद्धत तिला समजावत बसलो तर रात्र जाईल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज जे घडलं ते शांतपणे लिहायला हवं.

टॉवेल गार होतो, हा मूळ प्रश्न. त्याला उत्तर वाफ. आणि घरात वाफेची एक जागा कायमची आहे, ती म्हणजे कुकर. सकाळी बायकोने त्यात बटाटे उकडून काढले होते. मी निळा टॉवेल गुंडाळून आत ठेवला, तळाला पाणी, झाकण, शिट्टी. गॅस मोठा. इतकं साधं उत्तर कुणाला आधी कसं सुचलं नाही याचं नवल करत गॅलरीत खुर्ची मांडायला गेलो.

बाबा हॉलमध्ये पेपर वाचत होते. अचानक म्हणाले, शिट्टी का होत नाही. मी म्हटलं, होईल. ते म्हणाले, आवाज कोंडलाय. आणि पेपर टाकून मोज्यांवरच स्वयंपाकघरात धावले. या वयात ते धावू शकतात हे मला माहीत नव्हतं. डाव्या हाताने गॅस बंद केला, आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं आणि दारात उभे राहिले, कोणी आत जाऊ नये म्हणून. टॉवेलाच्या कडेचे धागे झाकणाच्या भोकात जाऊन बसले होते. वाफेला वाट नव्हती. आणखी थोडा वेळ गेला असता तर टॉवेल छतावर आणि झाकण शेजारच्यांकडे.

गार झाल्यावर बाबांनी कुकर ताब्यात घेतला. उजवा हात गळ्यात, पण डाव्या हाताने झाकण उघडलं, व्हॉल्व्ह फिरवून काढला, सुईने एकेक धागा ओढला, रबर तपासलं, सगळं परत जागच्या जागी बसवलं. तासभर चाललं होतं. मधूनमधून गुणगुणत होते. बायको भिंतीला टेकून त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होती. मग माझ्याकडे बघून हसली. का हसली, विचारलं नाही. कुकरवरून आधीच बरंच ऐकून घेतलं होतं.

मग बाबांनीच पद्धत बसवून दिली. झाकण लावायचं नाही. पाण्यावर चाळणी, चाळणीवर टॉवेल, वर ताट. आजचा टॉवेल उत्कृष्ट होता. बटाट्याचा थोडा वास. वस्तऱ्याचं आज मनःस्थिती पाहून पुढे ढकललं. बाबांची मनःस्थिती.

१७ नोव्हेंबर

स्वतःवर प्रयोग. टॉवेल, तेल, फेस, सगळं यथासांग. वस्तरा गालापर्यंत पोचायच्या आधीच अंगठा कापला. उघडतानाच. चूक वस्तऱ्याच्या मुठीची आहे, पकड नीट नाही.

अंगठ्याला पट्टी. पट्टी बांधलेल्या हाताने वस्तरा धरणं हा निव्वळ बेजबाबदारपणा होईल. तेल मात्र लावता येतं.

१८ नोव्हेंबर

तेल लावलं. टॉवेल ठेवला. फेस केला, धुतला.

१९ नोव्हेंबर

कालच्यासारखंच.

बाबा आता टॉवेलाखालून बोलायला लागलेत. आज बॉयलरच्या आतलं सांगत होते. बॉयलर गार झाला की इन्स्पेक्टर माणसाएवढ्या भोकातून सरपटत आत जातो, हातात बॅटरी आणि हातोडी. आत वळायला जागा नसते. घरी यायचे तेव्हा कानामागे, नाकात, पापण्यांत काजळी. सासूबाई दारातच थांबवायच्या. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल त्यांच्या तोंडावर ठेवायच्या आणि म्हणायच्या की आधी माझा माणूस कुठला ते बघू दे, मग आत ये. हे सांगताना बाबा टॉवेलाखाली हसले असावेत. टॉवेल हलला.

पुष्कळ बोलतात ते टॉवेलाबद्दल. विषय वस्तऱ्याचा आहे, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

२२ नोव्हेंबर

अंगठा बरा झाला, असं लेकीचं म्हणणं. माझं म्हणणं वेगळं आहे, पण तिने पट्टी काढून बघितली.

बाबांची दाढी आता बोटात धरता येते. पांढरीशुभ्र आहे आणि रोजच्या तेलाने इतकी मऊ झालीये की मांजरीचं पोट. लेक म्हणाली, आजोबा काय ग्रेट दिसतात. बाबा आरशासमोरून जाताना मान फिरवतात. मेळाव्याचं पत्र त्यांनी आज परत एकदा वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं, काढलं.

माझी दाढी काळीपांढरी, मधे एक टक्कल. ऑफिसात एकाने घरी सगळे बरे आहेत ना, असं हळूच विचारलं.

लेकीने विचारलं की नक्की कधी. मी म्हटलं, गुरुवार. तिने विचारलं की कुठला गुरुवार. असल्या प्रश्नांनी माणसाचा आत्मविश्वास खचतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेलो. शिकायला नव्हे, व्यवहारात काय चालतं ते बघायला. काय चालतं ते पाहून वाईट वाटलं. तेल नाही, टॉवेल नाही. डब्यातून फेस काढला, फासला, खर्र खर्र खर्र, पुढचा. मी त्याला केसाची मुळं, वाफ, तेलाचे थर हे सगळं समजावून सांगितलं. खुर्चीतलं गिऱ्हाईक एका गालाने ऐकत होतं, दुसऱ्या गालावर फेस होता. सलूनवाल्याने विचारलं, साहेब, तुम्ही आत्तापर्यंत किती केल्या. मी म्हटलं, तयारी चालू आहे. तो माझ्या दाढीकडे बघून म्हणाला की ती दिसतेच आहे. बसता का, असंही विचारलं. मला काम होतं.

२५ नोव्हेंबर

ब्रशने दगा दिला. केस मऊ पडावेत म्हणून तो उकळत्या पाण्यात ठेवला होता. बाबांच्या गालावर पहिला हात फिरवला आणि ब्रशचे केस मुळासकट तिथेच राहिले. पांढऱ्या दाढीत काळे पुंजके. चिमट्याने एकेक वेचत बसलो. बाबांनी विचारलं, जावईबापू, तुम्ही दाढी काढताय की लावताय.

त्यांनी विनोद केला, ही चांगली खूण आहे.

गुरुवारी वस्तरा. बदल नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं बरोबर जमलं होतं. ऊन गॅलरीत. टॉवेल गरमागरम. ब्रशमध्ये उरलेत तेवढ्या केसांचा फेस घट्ट. बायको कामाला गेलेली, लेक कॉलेजात, म्हणजे नजर लावायला कोणी नाही. बाबा मान मागे टेकवून, डोळे मिटून बसले. वस्तरा उघडला. अंगठा शाबूत. डाव्या हाताने त्यांच्या गालाची कातडी ताणली, व्हिडिओत आहे तशी. पातं कानाखाली टेकवलं.

तिथे एक शीर उडत होती. टिक, टिक. म्हातारी कातडी कागदासारखी पातळ, आणि खाली ती शीर.

वस्तरा मिटला. बाबांना सांगितलं की उजेड कमी पडतोय. ऊन त्यांच्या तोंडावरच होतं.

ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. हात चालला नाही. उजेडाचा काही संबंध नव्हता. फेसाचा, अंगठ्याचा, हवेचा कशाचाच नव्हता. भीती वाटली.

बाबा डोळे न उघडता म्हणाले, असू दे, टॉवेल अजून गरम असेल तर परत ठेवा. ठेवला.

२७ नोव्हेंबर, रात्री

वरचं वाचलं. जरा भावनेच्या भरात लिहिलं गेलंय. भीती हा शब्द बरोबर नाही. सावधपणा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

उद्या मेळावा. आज मुद्दाम काहीच केलं नाही. खेळाडू सामन्याच्या आदल्या दिवशी विश्रांती घेतात.

उद्याचा बेत पक्का. पहाटे उठायचं. पाणी, टॉवेल, तेल, फेस. मग एकदाच, न थांबता, वरून खाली. मनात कुठलाही विचार आणायचा नाही. वस्तरा पट्ट्यावर घासून ठेवलाय. पट्ट्याचे दोन तुकडे झाले, म्हणजे धार आलीये. बाबांनी कोट बाहेर काढून खुर्चीला अडकवलाय. झोपायला जाताना त्यांनी दाढीला हात लावला आणि उद्या काय ते बघू म्हणाले. मी म्हटलं, बाबा, तुम्ही निश्चिंत झोपा.

गजर लावलाय. दोन ठिकाणी.

३० नोव्हेंबर, रविवार

गजर वाजले. दोन्ही. बायकोने बंद केले.

उठलो तेव्हा बाथरूमचं दार बंद आणि आत नळ चालू. घाईघाईने चाळणी चढवली, टॉवेल ठेवला, वस्तरा काढला, गॅलरीत खुर्ची मांडली. तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. गाल गुळगुळीत. हनुवटी गुळगुळीत. कुठे एक ओरखडा नाही. कानाच्या पाळीला थोडा फेस राहिला होता, तो त्यांनी पंजाच्या कडेने पुसला. डाव्या पंजाच्या.

त्यांच्या डाव्या हातात त्यांचं जुनं सेफ्टी रेझर होतं. महिनाभर ते त्यांच्या बॅगेतच होतं. पाणी गार, नळाचं. साबण आमचा आंघोळीचा.

मी कसंबसं विचारलं, डाव्या हाताने. ते म्हणाले, बॉयलरच्या आत वळता येत नाही हो. जो हात वर राहील त्याने काम करायचं. नोकरी लागली त्या वर्षीच दोन्ही हात सारखे झाले. मग आधी का नाही केली, असं मी विचारलं. मोजे कुठे ठेवलेत म्हणून लेकीला हाका मारत ते आत गेले.

मी चाळणीवरच्या टॉवेलाकडे बघत उभा राहिलो. मला राग यायला हवा होता.

टॅक्सीत बाबा पुढे बसले, आम्ही दोघं मागे. बायकोने हळू आवाजात सांगितलं. डाव्या हाताचं तिला कुकरच्या दिवशीच कळलं होतं. तिने बाबांना गाठून जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, तुझी आई गेल्यापासून माझ्या तोंडाला कोणाचा हात लागला नाही. हा माणूस रोज सकाळी गरम टॉवेल ठेवतो, तेल लावतो, चार गोष्टी ऐकून घेतो. वस्तऱ्याची घाई त्याला करू देऊ नकोस. जमलं तर शेवटपर्यंत बोलूही नकोस.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. महिनाभर मी समजत होतो की मी त्यांना ताटकळत ठेवतोय, आणि ते त्याच वेळेला रोज खुर्चीत येऊन बसत होते. फार भरून आलं. दाढी असल्याचा एक फायदा, चेहरा फारसा दिसत नाही.

मेळाव्यात सगळे इन्स्पेक्टर तुळतुळीत. सगळ्या सभागृहात दाढी फक्त माझी. फोटोग्राफरने मला कडेला सरकायला सांगितलं, मग आणखी कडेला, मग चौकटीबाहेर. बाबांचा एक जुना सोबती माझ्या गालाकडे बघून म्हणाला, हा कोणाचा बॉयलर. बाबांनी माझ्या खांद्यावर डावा हात ठेवला आणि म्हणाले, आमचाच. फेरतपासणी चालू आहे. सगळे हसले. मीही हसलो. हात मात्र त्यांनी बराच वेळ काढला नाही.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी गॅलरीत गेलो तर बाबा खुर्चीत. गळ्याभोवती चादर. गाल कालच्यासारखेच गुळगुळीत. मी विचारलं, आज कशाची दाढी. त्यांनी विचारलं, पाणी ठेवलं का.

ठेवलं.

३ डिसेंबर

प्लास्टर निघालं. डॉक्टरने मनगट फिरवायला सांगितलं. बाबांनी डॉक्टरच्या टेबलाला टकटक केलं आणि एक पाय आखूड आहे म्हणाले.

संध्याकाळी ते घरी गेले. निघताना दारात थांबून निकाल दिला. टॉवेल पास. तेल ठीक, पण कानामागे कमी पडतं. वस्तऱ्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. रविवारी सकाळी येतो म्हणाले, पाणी तयार ठेवा.

इतक्या वर्षांत माझ्या नावावर एक पास लागला. टॉवेलात का होईना.

५ डिसेंबर

घर रिकामं वाटतं. सवयीने चाळणी चढवली होती, परत उतरवली.

ब्रशने लेक आता कीबोर्ड झाडते. वस्तऱ्याने बायकोने आज पार्सलची चिकटपट्टी कापली. मस्त धार आहे म्हणाली. साहेबांनी प्रेझेंटेशन दुसऱ्याला दिलं. नव्या लोकांनी म्हणे काल मशीन सुरूही केलं.

माझ्या दाढीसाठी नव्याने कार्यक्रम आखावा, असं मनात होतं. आधी महिनाभर तेल. तेवढ्यात बायकोने कपाटावरून ट्रिमर काढला, मला स्टुलावर बसवलं आणि गॅसवरचं दूध वर यायच्या आत सगळी साफ केली. मी म्हटलं, निदान आधी टॉवेल तरी ठेवायचा होतास.

ती म्हणाली, तो बाबांचा आहे.